आधी पोरीचे कागद परत आणा, जर्मनीचं मग बघू

प्रश्न : माझी मुलगी यंदा बी.टेक. मेकॅनिकल झाली, शिवाजी विद्यापीठाचं कॉलेज, सीजीपीए ७.४. तिला जर्मनीला एमएसला पाठवायचं ठरवलंय. एजंटनं दहावीपासूनचे सगळे ओरिजिनल जमा करून घेतलेत, अपोस्टिलचं (कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर लावून घ्यायचं) पॅकेज ४८ हजार, त्यातले निम्मे दिलेत. दहावीचं सर्टिफिकेट लॅमिनेट होतं, ते काढून आणा म्हणाला, इस्त्री फिरवून काढताना कोपरा फाटला. आता काय करावं? अपोस्टिल झालं की डिग्री तिकडं मान्य होते ना? शेजारच्या पोराचं दुबईला जाताना असंच केलं होतं. कॅम्पसमधून शिरोलीच्या एका फाउंड्रीत तिला घेतलं होतं, पण पोरीच्या जातीला फाउंड्री नको म्हणून मी 'नाही' असं कळवलं. मुलगी तयार आहे. – एक पालक, कोल्हापूर

दादा, पत्र दोनदा वाचलं. कुठला कागद दिला, पैसे किती दिले, कोपरा कसा फाटला, सगळं आहे त्यात. आणि जिच्या नावाचे ते कागद आहेत तिच्याबद्दल शेवटी दोनच शब्द, 'मुलगी तयार आहे'. कशाला तयार आहे? तिकडं जाऊन तिला नेमकं काय शिकायचंय, मेकॅनिकलमधलं काय आवडतं, तिकडंच राहायचंय का परत यायचंय, यातलं एक अक्षर पत्रात नाही. आणि नोकरीला 'मी नाही असं कळवलं' म्हणता. मी म्हणजे तुम्ही. इंटरव्ह्यू तिनं दिला, निवड तिची झाली आणि नकार तुम्ही दिलात, तिला विचारून दिलात की नंतर सांगितलं तेही लिहिलेलं नाही. मला फाटलेल्या कोपऱ्याची नाही, याची काळजी वाटली.

आणि फाउंड्रीबद्दल तर मी स्पष्टच बोलणार. उद्यमनगरपासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत या जिल्ह्याची बरीचशी इंजिनिअरिंगची कमाई ओतकामावर उभी आहे आणि इथलाच माणूस म्हणतो पोरीच्या जातीला फाउंड्री नको! आजच्या फाउंड्रीत इंजिनिअर काय करतो बघितलंय का कधी आत जाऊन? साच्यात धातूचा रस कुठून सोडायचा, रायझर (जादा रसाची जागा) कुठं ठेवायचा, कास्टिंग गार होताना आत पोकळी कुठं राहील, हे धातू वितळवायच्या आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून बघतात, लॅबमध्ये स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर) रसाचं सॅम्पल तपासतात, रिजेक्शन का वाढलं ते शोधत बसतात. डोक्याचं काम आहे. आणि समजा भट्टीसमोर उभं राहायचं काम असतं तरी ते करायचं का नाही हे ठरवायचा हक्क तिचाच होता. मेकॅनिकलला चार वर्षं पाठवताना जात आठवली नाही, मग नोकरीच्या वेळीच का आठवली?

आता अपोस्टिल. या एका गैरसमजापायी लोकांचे किती पैसे जातात ते मी रोज बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते. अपोस्टिल म्हणजे या कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे, सही करणाऱ्याला ती करायचा अधिकार होता, एवढंच आपलं परराष्ट्र मंत्रालय दुसऱ्या देशाला सांगतं. बस्स. मार्क चांगले आहेत, डिग्री त्यांच्या डिग्रीच्या तोडीची आहे, ॲडमिशन द्या, यातलं काहीही तो स्टिकर सांगत नाही. हा १९६१ चा हेग करार आहे, भारताला २००५ पासून लागू झाला. जे देश करारात आहेत त्यांच्यासाठी आधी राज्य सरकारच्या अधिकाऱ्याकडून कागद तपासून घ्यायचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर लावून घ्यायचा, की झालं. दुबई म्हणजे यूएई करारात नाही, म्हणून शेजारच्या पोराच्या कागदाला परराष्ट्र मंत्रालयाच्या अटेस्टेशननंतर त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागला असणार, ते वेगळं प्रकरण आणि ते नोकरीच्या व्हिसासाठी होतं. नेदरलँडला जाणाऱ्याला जन्मदाखला अपोस्टिल करून न्यावा लागतो कारण तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवताना मागतात. म्हणजे देश कुठला, कागद कुठला, मागतंय कोण, या तिन्हीवर सगळं ठरतं. सगळेच कागद सरसकट करून ठेवा असं जो सांगतो तो स्वतःच्या सोयीचं सांगतो.

आणि जर्मनी! करारात जर्मनीही आहे, भारतही आहे, पण भारताच्या बाबतीत जर्मनीनं हरकत नोंदवलेली आहे, त्यामुळं या दोन देशांमध्ये तो करार चालतच नाही. म्हणजे ज्या शिक्क्यासाठी तुम्ही २४ हजार मोजून बसलाय तो जर्मनीत धरतच नाहीत. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं, म्हणजे जर्मन दूतावासाच्या कागद तपासणाऱ्या ऑफिसचं, सर्टिफिकेट लागतं. दिल्लीतलं ते ऑफिस तुमचे मार्कशीट, डिग्री खरे आहेत का ते तपासून सर्टिफिकेट देतं, त्याची फी १८ हजार, अर्ज ऑनलाइन भरायचा आणि विद्यार्थ्यानं स्वतः भरायचा. आपलं विद्यापीठ जर्मनीत कोणत्या दर्जाचं धरतात ते अनाबिन नावाच्या जर्मन सरकारी डेटाबेसवर फुकट बघता येतं, पोरीला सांगा, पाच मिनिटांत बघेल. हे त्या एजंटला माहीत नसेल तर त्याच्याकडं जाऊ नका, आणि माहीत असूनही त्यानं पैसे घेतले असतील तर मग अजिबातच जाऊ नका. परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची फी कागदाला ५० रुपये आहे. कागद त्यांनी नेमलेल्या एजन्सीमार्फत जातात म्हणून तिचा थोडा सेवाखर्च वर, राज्याकडची तपासणी वेगळी. यावरून ४८ हजारांचा हिशोब तुम्हीच मांडून बघा.

तर पहिलं काम, उद्याच जाऊन ओरिजिनल परत घ्या. सोबत पोरीला न्या. दिलेल्या कागदांची यादी करा, दहावी, बारावी, प्रत्येक सेमिस्टरचं मार्कशीट, पासिंग सर्टिफिकेट, जे काही दिलंय ते, एकेक मोजून घ्या, उलटून मागची बाजूही बघा. पावती नसेल दिली तर आता लेखी मागा. राहिलेले पैसे अडवून धरले तर भांडण मागाहून करा, आधी कागद हातात येऊ देत. मार्कशीट पोरीचं आहे, उद्या इथल्याच एखाद्या कंपनीनं जॉइनिंगला ओरिजिनल मागितले तर ती काय दाखवणार?

दुसरं, इस्त्री बंद. बाकीचे कागद लॅमिनेट असतील तर तसेच राहू देत, आत्ता कुणालाही ते सोललेले नकोयत. स्टिकर आणि शिक्के कागदाच्या मागं लागतात म्हणून लॅमिनेशन चालत नाही हे खरं, पण गरम करून ओढलं की छापलेली शाई प्लास्टिकबरोबर उठून येते. फाटलेल्या दहावीच्या सर्टिफिकेटसाठी शाळेकडून बोर्डाच्या कोल्हापूर विभागीय मंडळाकडं डुप्लिकेटचा अर्ज करा, मिळतं. तोवर फाटका तुकडा चिकटपट्टी लावून जोडू नका, आहे तसा पाकिटात ठेवा. इथून पुढं सर्टिफिकेट साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवायची.

खर्चाचं पण ऐका. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे अर्धंच खरं. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत, आणि व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला (ज्यातून दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात) आधी भरून दाखवावे लागतात. अकरा लाखांच्या वर जातात ते. पैसे कुठनं उभे करणार ते पत्रात नाही, शेत किंवा घर गहाण टाकायचा विचार असेल तर तेही पोरीला माहीत पाहिजे, कारण परकी भाषा, परका गाव आणि डोक्यावर बापाचं कर्ज घेऊन तिला तिथं अभ्यास करायचाय. 

तुमचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पोरीला बाहेर पाठवायला बाप पुढं होतो हे मला मनापासून आवडलं, आजही कितीतरी घरांत पुण्याला पाठवायची तयारी नसते. पण एपीएसचा अर्ज तिचा, मोटिव्हेशन लेटर (हा कोर्स का हवा ते सांगणारं पत्र) तिचं, व्हिसाच्या मुलाखतीत हाच कोर्स का घेतला म्हणून विचारलं तर उत्तर तिनं द्यायचं. तिथं 'बाबांनी ठरवलं' चालत नाही, आणि घोकून गेलेलं उत्तर समोरच्याला कळतं.

म्हणून मी उलटं सुचवते. शिरोलीच्या त्या कंपनीला पोरीला स्वतः फोन करू दे, जागा अजून असेल तर घेतील, नसेल तर आणखी फाउंड्र्या आहेत इथं. दीड-दोन वर्षं काम केल्यावर तिला कळेल की मटेरियल करायचंय का डिझाइन का मॅनेजमेंट, आणि तेव्हा मोटिव्हेशन लेटरमध्ये लिहायला तिच्याकडं हातानं केलेलं काहीतरी असेल. तिला आत्ताच जायचं असेल, खरंच तिलाच, तर तेही होऊ शकतं, पुढच्या हिवाळी सत्रासाठी बऱ्याच विद्यापीठांची शेवटची तारीख १५ जुलैच्या आसपास असते, एपीएसला लागणारा वेळ धरून तयारी आत्तापासून करावी लागेल.

पुढचं पत्र मात्र तिचं येऊ दे. तुम्ही न वाचता पाठवलेलं.