पॉलिअ‍ॅनाला ‘आशावादी’ म्हणावं का?

प्रश्न : एका इंग्रजी मालिकेची उपशीर्षकं मराठीत करतेय. त्यात एक मैत्रीण दुसरीला म्हणते, “डोन्ट बी सच अ पॉलिअ‍ॅना.” इथे ‘एवढी आशावादी होऊ नकोस’ चालेल का?

उत्तर : अर्थ पोचेल, टोमणा मात्र निसटेल. आपल्याकडे ‘आशावादी’ हे कौतुकाचं विशेषण आहे, सत्काराच्या भाषणात सहज खपतं. इंग्रजीत कुणाला पॉलिअ‍ॅना म्हटलं की ते ‘जरा डोळे उघड’ असं सुनावणं असतं. मी ‘इतकं भाबडं राहून नाही चालत गं’ असं करेन. नाव तसंच ठेवू नका. ओळ पडद्यावरून जायच्या आत पॉलिअ‍ॅना कोण हे कोण शोधत बसणार?

गंमत म्हणजे मूळ पोरगी फारशी आशावादी नाहीच. पॉलिअ‍ॅना ही एलिनॉर पोर्टर यांच्या १९१३ च्या त्याच नावाच्या कादंबरीची नायिका. तिला हवी असते बाहुली आणि मिशनच्या दानाच्या सामानातून निघतात कुबड्या. बाप म्हणतो, आनंद मान, आपल्याला त्या लागत नाहीत! तिथून कशातही आनंद मानण्यासारखं काहीतरी शोधायचा तिचा खेळ सुरू होतो. पुढे मावशी तिला माळ्यावरच्या उघड्याबोडक्या खोलीत ठेवते, तर ही म्हणते, आरसा नाही ते बरंच, तोंडावरचे ठिपके दिसायला नकोत. यात उद्याची आशा कुठे आहे? समोर जे पडलंय त्यातूनच काहीतरी उकरून काढायचं. त्यासाठी आपण दिवसभर बोलतोच की : ‘त्यातल्या त्यात बरं’, ‘दुःखात सुख’, ‘हेही नसे थोडके’.

जपान्यांनी हे नेमकं पकडलं. १९८६ मध्ये फुजी टीव्हीवर या गोष्टीची ५१ भागांची ॲनिमेशन मालिका आली. तिच्यात खेळाचं नाव आहे ‘योकात्ता सागाशी’. सागाशी म्हणजे शोधणं. आणि योकात्ता? हरवलेली किल्ली सापडली, पोर सुखरूप घरी आली, की आपण हुश्श करून ‘बरं झालं बाई!’ म्हणतो ना, ते. मालिका संपली तरी हा शब्दप्रयोग जपानीत राहिला.

कधी पोर्टरबाईंची गोष्टच मराठीत आणायची झाली, तर खेळाला सरळ ‘बरं झालं’चा खेळ म्हणा. ‘सकारात्मकतेचा खेळ’ तेवढा कृपा करून नको. अकरा वर्षांची मुलगी असं बोलत नाही.