स्टेम सेलच्या मागे धावण्याआधी

ताई, भावाला स्टेम सेलचं (मूळपेशींचं) इंजेक्शन द्यावं का, असं विचारलंत. त्याच्या मणक्याला मार लागून दोनच महिने झालेत, घाई समजते. मीही अशाच घाईत उपचारासाठी जमीन विकायला निघालो होतो!

सुरुवातीला एवढंच:

- पैसे घेऊन स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणाले, की तिथून उठून निघा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांनुसार मज्जारज्जूसाठी हे फक्त वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) चालतं. चाचणी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलीय का, स्वतः बघा.
- जपानने २०१८ मध्ये मज्जारज्जूसाठी अशा एका उपचाराला सशर्त मंजुरी दिली हे खरं, पण अभ्यास १३ जणांचा, तुलनेला दुसरा गटच नाही. पहिल्या वर्षात थोडी सुधारणा आपोआपही होते. श्रेय मात्र इंजेक्शन घेऊन जातं.

नवखे फसतात ते फिजिओथेरपी सोडून. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदला. बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) असला तर चाचणीतही बहुधा घेत नाहीत.

पेशींचे प्रकार नंतर बोलू.