न्यायी संक्रमण की न्याय्य स्थित्यंतर?

सोलापूरच्या एका कामगार कार्यकर्त्यांचा प्रश्न आहे: ‘जस्ट ट्रान्झिशन’साठी, म्हणजे कोळशासारखे उद्योग पर्यावरणासाठी बंद करताना कामगारांवर अन्याय होऊ नये या मागणीसाठी, पत्रकात ‘न्यायी संक्रमण’ छापलं, तर बैठकीत एकाने विचारलं, ‘ही कुठली साथ?’ मग काय लिहावं?

आधी ‘न्यायी’ बदला. न्यायी असतो तो माणूस. मागणी, मोबदला, हक्क हे न्याय्य असतात. ‘आमच्या न्याय्य मागण्या’ हे शब्द तुमच्या पत्रकांत पूर्वीपासून आहेतच.

‘संक्रमण’ मूळचा चांगला शब्द. सूर्य मकर राशीत जातो ते मकरसंक्रमण. त्याच दिवसांत तुमच्याकडे सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. पण करोनाकाळात हिंदी बातम्यांतून तो संसर्गाच्या अर्थाने कानावर पडत राहिला. शिवाय कुणाच्या नोकरीवर ‘संक्रांत येते’ तेव्हा काय होतं, ते कामगाराला सांगायला नको.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. संक्रमण आपोआप होतं, सूर्याला कुणी ढकलत नाही. सोलापुरात जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्याबद्दल बोलताना आपण म्हणतो, ‘गिरणी बंद पडली’. ‘पडली’ म्हटलं की बंद करणारा वाक्यातून निसटतो, आणि देणी मागायची कुणाकडे हा प्रश्नही. कोळशाबाबत तरी असं होऊ नये. दक्षिण सोलापुरातल्या १३२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी उद्या कोळसा थांबला, तर तो धोरणाने थांबेल. ‘स्थित्यंतर’ घडतं तसं घडवून आणताही येतं, म्हणून मी तोच शब्द घेईन.

‘जस्ट ट्रान्झिशन’ या कल्पनेचं मूळही धोरणामुळे जाणाऱ्या कामातच आहे. अमेरिकेतल्या तेल, रसायन आणि अणुकामगारांच्या संघटनेचे टोनी माझोकी यांचं म्हणणं असं होतं की विषारी जमिनी साफ करायला सरकार निधी उभारतं, तर पर्यावरणाच्या धोरणामुळे काम जाणाऱ्या कामगारांसाठीही उभारावा. २०१५च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकेत हा शब्दप्रयोग आला तो ‘कामगारवर्गाचं’ न्याय्य स्थित्यंतर असा. पुढे पुष्कळ भाषणांतून कामगार गळला. तुम्ही तो गाळू नका.

ठरावात ‘कामगारांचं न्याय्य स्थित्यंतर’ लिहा. पत्रकावर त्याहून सोपं: ‘कोळसा बंद करणार असाल, तर आधी कामाची हमी द्या, कायम आणि कंत्राटी, दोघांनाही.’