१५० युनिटांच्या आत कसं राहायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

उन्हाळ्याची बिलं हातात पडली आणि इंदूरच्या वाचकांचे प्रश्न यायला लागले. बरेच एकसारखे होते, म्हणून यावेळी थोडेच निवडून घेतलेत.

प्रश्न: मागच्या महिन्यात १४८ युनिट आले होते, या महिन्यात १५७. नऊ युनिटच तर जास्त जळले, मग बिल दुपटीच्या वर कसं काय गेलं? मीटरच बदलून मागू का? (एक काकू, सुदामानगर)

काकू, मीटर बिचारं ठीक आहे. आपल्या एमपीत अटल गृह ज्योती योजना आहे ना, तिच्यात महिन्याचा वापर १५० युनिटांपर्यंत असला तर पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये लागतात आणि वरच्या ५० ला नेहमीचा रेट. पण १५० च्या वर गेलात की त्या महिन्याची सबसिडी पूर्णच जाते, नुसत्या वरच्या सात युनिटांची नाही, पहिल्या युनिटापासून सगळं नेहमीच्या रेटने धरलं जातं, शिवाय फिक्स चार्जसुद्धा आपल्याकडे वापराबरोबर वाढतो, त्यामुळे ते सात युनिट फार महाग पडतात. पुढच्या महिन्यात परत १५० च्या आत आलात की सवलत परत मिळते, त्यासाठी अर्ज वगैरे काही नाही.

आणखी एक बघा, रीडिंग दर वेळी बरोब्बर तीस दिवसांनीच होतं असं नाही, म्हणून दिवसाला ५ युनिट हा आकडा लक्षात ठेवायचा. महिन्याच्या मध्येच एकदा मीटर बघून घ्या, पंधरा दिवसांत ७५ च्या वर गेलं असेल तर अजून हातात पंधरा दिवस आहेत. बिल आल्यावर बघून काय उपयोग.

आता हे नऊ-दहा युनिट कमी कुठे करायचे? लोक सगळ्यात आधी मोबाइलच्या चार्जरच्या मागे लागतात, त्यात काही मिळत नाही. हिशोब सोपा आहे, १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट, म्हणजे वॅट आणि तास दोन्ही बघायचे. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, दिवसात १५ तास चालला तर महिन्याला साधारण ३४ युनिट, आणि असे तीन पंखे असतील तर १०० युनिट तिथेच संपले! बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. अडीच-तीन हजारांचा पडतो, म्हणून सगळे एकदम बदलायची गरज नाही, जो सगळ्यात जास्त तास फिरतो तोच आधी बदला, बहुतेक घरांत तो हॉलचा असतो. फक्त जुना रेग्युलेटर मधून काढायला सांगा, हे पंखे रिमोटवर चालतात.

दुसरं, टीव्ही बंद केला तरी सेटटॉप बॉक्स चालूच असतो. दहा वॅट धरले तरी चोवीस तासांचे महिन्याला सात युनिट होतात. तुमचे वरचे सात युनिट बहुतेक इथेच बसलेत. भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लावा, नातवंडं कुरकुर करतील थोडी.

प्रश्न: मुलगा एसी १८ वर लावतो, म्हणतो लवकर गार होतं. खरं आहे का? आणि कूलर परवडतो की एसी? (विजयनगर)

लवकर गार होत नाही. खोली तापलेली असते तेव्हा कॉम्प्रेसर १८ वर ठेवा की २४ वर, आधी पूर्ण जोरानेच चालतो, फरक एवढाच की २४ ला पोचल्यावर तो दम घेतो आणि १८ च्या नादात रात्रभर पळत राहतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं की तापमान एक डिग्री वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून नवे एसी चालू केले की आपोआप २४ वरच सुरू होतात ते याचसाठी. २५-२६ वर ठेवून वर पंखा हळू लावा, अंगाला तेवढंच गार लागतं. जाळी पंधरवड्याला धुवा, इंदूरची धूळ तर तुम्हाला माहितीच आहे.

कूलरचं म्हणाल तर मे महिन्यात आपल्याकडे हवा कोरडी ठक्क असते, तेव्हा कूलर झकास चालतो आणि वीज घेतो साधारण २०० वॅट, दीड टनाचा एसी जोरात चालताना १५०० च्या आसपास घेतो. पण कूलरला खिडकी उघडी लागते, आणि पाऊस सुरू झाला की त्याचा काही उपयोग नाही, नुसता दमटपणा वाढतो. दोन्ही एकाच खोलीत एकदम लावणारेही लोक आहेत, तसं अजिबात नको, कूलरने हवेत सोडलेलं पाणी एसीला परत बाहेर काढावं लागतं आणि त्याचे पैसे तुम्ही भरता. खरं सांगायचं तर माळव्यातल्या रात्री पूर्वीइतक्या गार राहिल्या नसतील, तरी मार्चमध्येच एसी लावायची घाई कशाला हे मला कळत नाही.

प्रश्न: गीझरपेक्षा रॉड जास्त वीज खातो ना? (लोकमान्यनगर)

नाही हो. पाणी तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच, रॉडने तापवा की गीझरने. थंडीत एक बादली आंघोळीइतकी गरम करायला अर्ध्या युनिटाच्या आसपास लागते. गीझर महाग पडतो तो सकाळी सहाला लावून नऊला बंद केल्यामुळे, त्यात पाणी निवत राहतं आणि तो परत परत तापवत राहतो. सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरका, गीझरचं तापमानाचं बटण ५० वर आणा. रॉड स्वस्त आहे पण धोक्याचा, लहान मुलं घरात असतील तर नकोच.

प्रश्न: शेजारचे म्हणतात स्मार्ट मीटर पळतं. घरी तपासता येतं का? (रामबाग)

ढोबळ तपासता येतं. आधी इन्व्हर्टर, फ्रिज, राउटर सगळ्यांचे प्लग काढा, सगळी बटणं बंद करा, मेन चालू ठेवा. मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत राहिला तर घरात कुठेतरी वीज मुरतेय, किंवा तुमच्या लाइनवर दुसऱ्या कोणाचं काहीतरी जोडलेलं आहे, जुन्या वाड्यांत वाटण्या झाल्या की असं सर्रास निघतं. इलेक्ट्रिशियन बोलवा. दिवा थांबला तर १००० वॅटची एकच वस्तू एक तास सतत चालवा, एक युनिटाच्या जवळपास यायला हवं (इस्त्री नको, ती मधेच आपोआप बंद होते). फारच फरक दिसला तर वीज कंपनीच्या १९१२ नंबरवर तक्रार करा आणि चेक मीटर (पडताळून बघायला लावतात ते दुसरं मीटर) लावून मागा.

प्रश्न: बोअरिंगची मोटर रोज किती वेळ चालवावी? (राजेंद्रनगर)

टाकी भरेपर्यंत! विनोद सोडा, १ हॉर्सपॉवरची मोटर तासाला एक युनिटाच्या आसपास घेते आणि गच्चीवरून पाणी वाहायला लागल्यावर शेजाऱ्यांनी हाक मारेपर्यंत लोक ती बंद करत नाहीत. फ्लोट स्विच लावून घ्या, टाकी भरली की तो मोटर आपोआप बंद करतो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्या दिवशी तेच आधी भरून घ्या, बोअरला सुट्टी. बाकी पाणी वर चढवायचा खर्च महापालिकेलाही सुटलेला नाही, नर्मदेचं पाणी जलूदहून पंपाने इथवर आणावं लागतं, म्हणून तर २०२३ मध्ये महापालिकेने ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामांसाठीचे कर्जरोखे) काढून २४४ कोटी उभे केले, तिथे ६० मेगावॅटचा सोलर प्लांट करायला.

प्रश्न: मग आम्हीपण सोलर लावावं का? (दोन-तीन वाचक)

तुमचा वापर १५० च्या आत असेल तर माझं मत नको असं आहे, वाचण्यासारखं बिलच नाही, पैसे वसूल व्हायला फार वर्षं जातील. ३०० च्या वर जात असाल, घरात दोन एसी असतील तर मात्र जरूर बघा. १ किलोवॅटमागे दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज मिळते आणि साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी गच्ची लागते. पीएम सूर्य घर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तला ७८ हजार सबसिडी आहे, ती नंतर बँक खात्यात येते, म्हणजे सुरुवातीला पैसे तुम्हालाच घालावे लागतात किंवा लोन काढावं लागतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्ची सगळ्यांची, तेव्हा आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि मगच कोटेशन मागवा.