कपबशी वाजते, ते आधी बघा

प्रश्न : माझे मिस्टर ४२ वर्षांचे. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. बारा वर्षं रोज रात्री क्वार्टर ठरलेली. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ आलं. पोट दुखत नाही, कावीळ नाही. ते म्हणतात, आता फक्त बिअर घेतो. मी म्हणते, उद्यापासून थेंब नको. जावेनं दारू सुटावी म्हणून जेवणातून द्यायची पुडी सांगितली आहे. सकाळी चहा घेताना त्यांची कपबशी वाजते, तो अशक्तपणा असेल का?

उत्तर : ताई, शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मी तिथेच थांबलो. तो बहुधा अशक्तपणा नाही. रात्रीची दारू उतरली की शरीर ती मागतं, तेव्हा असे हात थरथरतात. अशा माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. मिरजेत माझ्याकडे एका गृहस्थांना आणलं होतं. एकादशीला माळ घातली, त्याच दिवशी दारू बंद केली. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरचे किडे झाडत होते, जे तिथे नव्हतेच. झटकेही येऊन गेले होते. त्यांचा निश्चय खरा होता, फक्त सोबत डॉक्टर हवा होता. औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं वेळेवर मिळाली तर हे दिवस सुखरूप पार पडतात.

दारू मात्र पूर्ण सुटायलाच हवी. बिअरचं म्हणाल, तर १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि ६५० मिलीच्या स्ट्राँग बाटलीत ४० च्या आसपास. दुसरी बाटली उघडली की हिशेब क्वार्टरच्याही पुढे गेला.

दुखत नाही यावर विसंबू नका. लिव्हर आतून आकसून सिरॉसिस झाला तरी बरेचदा दुखत नाही, एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणीसुद्धा नॉर्मल येऊ शकते. मग एक दिवस पोटात पाणी होतं, नाहीतर रक्ताची उलटी. सोनोग्राफीतली ग्रेड चरबीची असते, लिव्हरवर वण किती पडलेत ते ती सांगत नाही. त्यासाठी रक्तातल्या प्लेटलेट्स बघा, जमल्यास फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालं ते मोजणारी तपासणी, करा. नुसती चरबीच असेल, तर दारू थांबल्यावर काही आठवड्यांत ती उतरायला लागते. म्हणून मला तुमचं पत्र वेळेवर आलं असं वाटतं.

पुडी अजिबात देऊ नका. अशा पुडीत कधी डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असतं. पिणाऱ्याला नकळत दिलं आणि वर दारू गेली, तर बीपी कोसळून जीवावर बेततं. काविळीचा पाला, लिव्हर टॉनिक, यातल्या कशानं पिणं चालू ठेवायची मुभा मिळत नाही.

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पुण्यात 'मुक्तांगण'. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं. पण आधी फिजिशियन गाठा, या आठवड्यातच. मिस्टरांना सोबत न्या आणि कपबशीचं त्यांच्यासमोरच सांगा.