गिरण्या पाडून झाल्यावर लालबाग-परळच्या चिमण्या जपण्यात काय अर्थ आहे?

केवळ चिमणीच जपायची असेल, तर फारसा अर्थ नाही, असे गिरणी कामगाराचा मुलगा म्हणून मी स्पष्टच सांगतो. चिमणी बॉयलरची असते. 1915 साली खोपोलीची वीज मुंबईत आल्यावर गिरण्यांची यंत्रे हळूहळू विजेवर गेली आणि वाफ मुख्यतः सुताला कांजी लावणे, कापड रंगवणे अशा कामांपुरती उरली. कापड कसे निघत होते हे चिमणीवरून कळत नाही, इमारतींवरून कळते.

काही वर्षांपूर्वी लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारातील उपाहारगृहात आम्ही वडिलांना घेऊन गेलो होतो. तीन मजली दगडी इमारत, आत बिडाचे खांब, आणि भिंतीवर फलक: ‘येथे कापड विणले जाई’. वडिलांनी साचेखात्यात, म्हणजे साच्यांवर (यंत्रमागांवर) कापड विणण्याच्या खात्यात, तीस वर्षे काढली होती. त्यांनी व्यवस्थापकाला बोलावून सांगितले, की हे सूतकताईचे खाते होते. साचे इतके हादरतात की त्यांना जमिनीवरची शेडच लागते, आणि तिच्या करवती छपराच्या काचा उत्तरेकडे ठेवलेल्या असतात, म्हणजे ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो व तुटलेला धागा चटकन दिसतो. व्यवस्थापक नम्रपणे हसला. दादा मात्र ओशाळून म्हणाला, ‘‘अण्णा, लोक इथे जेवायला येतात, इतिहास शिकायला नाही.’’

याच दादाने पुढे घर बदलताना वडिलांचा धोटा (मागावर आडवा धागा नेणारे साधन) आणि हजेरीचे कार्ड भंगारवाल्याला दिले. ‘‘1982 च्या संपाने काय दिले, ते जपायला?’’ हा त्याचा युक्तिवाद होता. संपाने आमच्या घरात उपासमार आणली हे मलाही ठाऊक आहे. पण त्याचा राग धोट्यावर काढण्याचे कारण मला आजवर पटलेले नाही. तेव्हा आपल्या घरी असे काही असेल, तर चिमणीची चिंता करण्याआधी ते कोणत्या खात्यातले आहे हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा, आणि थोरल्या भावाच्या हाती देऊ नका.

एक मान्य करायला हवे. काही गिरण्यांत वरच्या मजल्यांवरही साचे असतील, सगळ्या गिरण्या मी पाहिलेल्या नाहीत. त्या इमारतीत मात्र ते नव्हते. वडिलांची शेड तिच्या समोरच होती. ती पाडून तिथे वाहनतळ केला आहे, आणि त्या रात्री दादाने गाडी तिथेच लावली होती.