मुस्लिम बायका समाजाच्या पुढारपणात दिसतात का?
दिसतात की, आणि आजकालच्या नाही. १९६६ साली १८ एप्रिलला मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम बायकांनी मोर्चा नेला होता, तोंडी तलाक बंद करा म्हणून, समाजसुधारक हमीद दलवाई सोबत होते. फक्त सात! पण त्या काळात घरून निघणं हेच केवढं होतं, विचार करा. मग हाजी अलीचं घ्या, दर्ग्यात मजारीपर्यंत (कबरीपर्यंत) जायला बायकांना बंदी घातली तर भारतीय मुस्लिम महिला आंदोलन या संघटनेच्या नूरजहाँ साफिया नियाज आणि झकिया सोमन थेट हायकोर्टात गेल्या आणि २०१६ ला जिंकल्या. आता गावात महिला आरक्षणामुळे बायका ग्रामपंचायत मेंबर होतात, पण कारभार कधीकधी नवराच बघतो, हे मात्र सगळ्याच समाजांत आहे बरं का.